उसना श्वास

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटापासून थोडं दूर होडी थांबली. नांगर वाळूत बसला, इंजिन बंद झालं आणि इतका वेळ त्याच्याखाली दबलेला पाण्याचा आवाज वर आला. होडीच्या कडेला चुळूक चुळूक, कुणी हळूच चापट्या माराव्यात तसा. आमच्यासोबतचा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. माझ्या हातात डोळ्यांचा मुखवटा देत तो म्हणाला, “ताई, काचेक भितरसून थुकी लावा आणि मगे विसळून घेवा.”

मी क्षणभर घुटमळले. माझी दहा वर्षांची भाची मात्र लगेच काचेवर थुंकली, बोटाने चोळलं, मुखवटा पाण्यात बुडवून वर काढला आणि डोळ्यांवर चढवलासुद्धा. चेहऱ्याची ऊब आणि पाण्याचा गारवा काचेवर भेटले की वाफ धरते, समोरचं सगळं धुकट होतं. थुंकीचा पातळ थर असला की ती वाफ थेंबाथेंबाने काचेला चिकटत नाही. समुद्र स्वच्छ दिसायला हवा असेल तर आधी आपल्या अंगातलं थोडं पाणी काचेला द्यायचं. मला ही रीत फार आवडली. देवळात शिरण्याआधी पाय धुतो, त्या जातीची वाटली.

मग नळी आली. फूट-सव्वा फुटाची वाकडी नळी, तिचं रबरी टोक दातांत धरायचं. मी विचारलं, नळी जरा लांब असती तर अजून खाली जाता आलं असतं का? मुलाने मान हलवली. नळी लांब केली तर सोडलेलीच हवा तिच्यात अडकून परत छातीत येते. शिवाय जरा खोल गेलं की पाण्याचा दाब छातीवर एवढा पडतो की वरची हवा ओढताच येत नाही. माणसाला पाण्यात असा उसना श्वास मिळतो तो एवढाच, हातभर.

“तोंडान श्वास घेवा. नाकान नको. घाबरू नकात, मी हंयच आसंय.”

मी चाळिशी उलटल्यावर वाशीच्या एका तरणतलावात पोहायला शिकले. निळ्या फरशीचं, क्लोरीनच्या वासाचं, तळ दिसणारं पाणी. तिथे पहिला धडा हाच होता की तोंड पाण्यात असेल तेव्हा श्वास घ्यायचा नाही. आता कुणीतरी सांगत होतं, तोंड पाण्यात ठेव आणि श्वास घे. शरीराला ते पटेना. पहिले चार-पाच श्वास मी चोरून घेतल्यासारखे घेतले. सहाव्याला छाती सैल झाली. कानात माझाच श्वास घुमायला लागला, लोहाराच्या भात्यासारखा. आत येताना एक सूर, बाहेर जाताना दुसरा. पन्नाशीला आलेली मी. जन्मल्यापासून चाललेला हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

श्वासाचा आवाज अंगवळणी पडल्यावर त्याच्यामागे दुसरा ऐकू आला. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा, चोहीकडून, न थांबता. मला वाटलं कानात पाणी गेलं. नंतर वर आल्यावर कळलं की तो खडकांच्या फटींत राहणाऱ्या बोटभर कोळंब्यांचा आवाज. त्यांचा एक आकडा मोठा असतो. तो त्या इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. हजारो कोळंब्या, हजारो टिचक्या. समुद्राच्या पोटात शांतता असते असं मी लहानपणापासून समजत होते. तिथे तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फोडणी पडत होती.

खाली दोन-तीन पुरुष खोलीवर प्रवाळ होतं. फोटोंतल्या गुलाबी-जांभळ्या बागा मनात धरून गेलेल्यांची तिथे निराशा होते, कारण मालवणचं प्रवाळ बहुतेक पिवळट, तपकिरी, शेवाळी. उलटे घालून ठेवलेल्या टोपांसारखे घुमट, कोबीच्या पानांसारखे पसरलेले पापुद्रे. मला तो रंग आपला वाटला. कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यावर पावसानंतर चढतो तोच.

पोवळं मी आईच्या बोटात पाहिलं होतं. मंगळासाठी कुणीतरी सांगितलं म्हणून घातलेली अंगठी, त्यात डाळीएवढं लाल पोवळं. ते लाल पोवळं बहुधा भूमध्य समुद्रातलं, या घुमटांचं लांबचं नातलग. पण आपल्या भाषेत पोवळं म्हटलं की डोळ्यांसमोर सोनाराची पेटी येते, प्राणी येत नाही. इथे माझ्या छातीखाली तो प्राणी होता. एकेक जीव दाण्याएवढा, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारा, लाखोंनी एकमेकांना चिकटून राहणारा. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करून त्याला देतं, बदल्यात आसरा घेतं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की हे बिऱ्हाड मोडतं, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे खालचा तो टोपाएवढा घुमट माझ्या भाचीच्या कितीतरी आधीचा. मी पाय आखडून घेतले. थकले तर त्याच्यावर उभी राहीन की काय, याचीच मला बुडण्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

तेवढ्यात आमच्यासोबतच्या मुलाने खिशातून पावाचा तुकडा काढला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे क्षणात असे गोळा झाले की समोर काही दिसेना. भाची नळीतून हसली, तिच्या हसण्याचे बुडबुडे वर गेले. मासे बोटांना लुचत होते. तिला आनंद झाला, तो मला नाकारायचा नाही. पण दुसरा तुकडा निघाला तेव्हा मी वर येऊन त्याला नको म्हटलं. तो जरा वरमला. “पर्यटकांक मासे दिसाक व्हये ताई, नायतर पैसे फुकट गेले म्हणतत.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचे वडील रापण ओढणारे. आता जाळ्यातल्या माशावर घर चालत नाही, म्हणून हा पाण्यात माणसं उतरवतो. १९८७ साली इथल्या २९ चौरस किलोमीटर पाण्याला सागरी अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा आपली मासेमारी जाणार म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. पुढे तारकर्लीला स्कूबा शिकवणारी संस्था उभी राहिली, इथलीच पोरं बुडी मारायला शिकली, आणि ज्या खडकावर जाळं अडकून फाटायचं, त्याच खडकाकडे ती आता बोट दाखवून ‘बघा’ म्हणतात. एका पिढीत एवढं बदललं. पावाचा तुकडाही बदलेल.

पाव थांबला तसे पट्टेदार मासे पांगले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. पाण्याचा हेलकावा, वर-खाली जाणारी उन्हाची जाळी, मोहरी तडतडणं. आम्ही दोघी हात धरून नुसत्या तरंगत होतो. आणि मग मला दिसलं की पापुद्र्याच्या खालच्या अंधारात दोन डोळे आहेत. मोठा, ठिपक्यांचा, जाड ओठांचा मासा, जागच्या जागी कल्ले हलवत. गोबरा. बाजारात मी त्याला शंभरदा पाहिलं होतं, बर्फावर आडवा, डोळे पांढरे. हा डोळे फिरवत होता. एक डोळा भाचीकडे, मग माझ्याकडे. पावासाठी तो आला नव्हता. तो तिथेच होता, आमच्या आधीपासून, आणि आम्ही कधी जातो याची वाट बघत होता. त्याच्या दारात उभं राहून घरात डोकावल्यासारखं झालं. मी भाचीचा हात दाबला, तिने माझा. दोघींनी श्वास हळू केला.

ही भाची ऑर्लँडोची. माझा भाऊ तिथे वीस वर्षं आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला होता. तिथल्या एका उद्यानात माणसांनी घडवलेली खाडी आहे, माणसांनी रचलेले खडक आहेत, स्नॉर्कल लावून रंगीत माशांमधून पोहता येतं, शेवटी डॉल्फिनसोबत फोटो. व्हिडिओत भाची कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. शिक्षिकेने हात वर केला, डॉल्फिन आला, त्याने तिच्या गालाला तोंड लावलं, सगळे टाळ्या वाजवत होते. तिचा चेहरा असा फुलला होता की मी तो भाग चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी मी डॉल्फिनकडे बघितलं. गालाला तोंड लावून झाल्यावर तो वळला, आणि शिक्षिकेच्या कमरेच्या बादलीकडे गेला. फोनवर भाचीने विचारलं, “आत्या, तुमच्याकडे असं आहे का?”

असं करायचं बोलणं आपल्याकडेही झालं होतं. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीचा ‘सी वर्ल्ड’ प्रकल्प वर्षानुवर्षं गाजला, गावकरी जमिनीसाठी उभे ठाकले. डॉल्फिनचं म्हणाल तर मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना स्पष्ट कळवलं की करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडून ठेवणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाला परवानगी देऊ नका. त्याच्या बरीच वर्षं आधी चेन्नईजवळ परदेशातून डॉल्फिन आणून खेळ सुरू केला होता, ते काही महिन्यांतच दगावले होते. मला या सरकारी कागदाचा फार अभिमान आहे. आपल्याकडे पुष्कळ कागद निघतात. पण एका प्राण्याची बुद्धी आणि भावना मान्य करून, त्याला तलावात ठेवणं योग्य नाही असं देशाने लिहून दिलं, हे मोठं आहे.

भाचीला फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, “तू ये. मग दाखवते.”

म्हणून डिसेंबरात ती आली, आणि आम्ही पनवेलहून कोकणकन्या पकडून कुडाळला उतरलो, आणि मालवण गाठलं. स्नॉर्कलिंगच्या दुसऱ्या दिवशी पहाटे देवबागहून होडीने निघालो. इथले मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. पाठीवर उंचवटा असलेला, राखाडी, किनारा धरून उथळ पाण्यात राहणारा डॉल्फिन. आम्हाला नेणारे काका साठीचे होते, फार बोलत नव्हते. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. अर्धा तास गेला. पाऊण तास. ऊन चढलं. भाची अस्वस्थ झाली. “ते येणार आहेत ना?” तिने काकांना विचारलं. काका म्हणाले, “येतीत. नायतर नाय येवचे.”

आणि मग मागून आवाज आला. दिसण्याआधी ऐकू आला. फुस्स. कुणी म्हाताऱ्या माणसाने दमून बसताना सोडावा तसा श्वास. वळून पाहीपर्यंत पाण्यावर एक राखाडी पाठ वाकून आत जात होती. पुन्हा फुस्स, थोडी पलीकडे, आणि तिच्या लगत एक लहान फुस्स. आई आणि पिल्लू. दोनदा, तिनदा, मग दूर, मग काहीच नाही. एकूण मिनिटभराचं दर्शन. फोटोत नुसतं पाणी आलं.

डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपसूक चालत नाही. प्रत्येक श्वासासाठी त्याला ठरवून वर यावं लागतं. झोपेतसुद्धा अर्धा मेंदू जागा ठेवतो, श्वास चुकू नये म्हणून. कालच्या त्या फूटभर नळीमुळे मला हे पहिल्यांदा अंगात कळलं. पाण्यात राहून हवेवर जगणं म्हणजे काय, ते मी वीस मिनिटं केलं होतं. ते जन्मभर करत होते. आणि त्या मिनिटभरात जे मला मिळालं ते हेच, की दोन जीव श्वास घ्यायला वर आले तेव्हा आम्ही तिथे होतो. आमच्यासाठी ते आले नव्हते. भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने काकांना विचारलं की पिल्लाला श्वास घ्यायला कोण शिकवतं. काकांनी बिडी विझवली, तिच्याकडे मान वळवली आणि म्हणाले, “आवस.”

परत आलो ते ऐरोलीला. माझं घर तिथे. मी शाळेत असताना आम्ही सिडकोच्या वसाहतीत राहायला आलो. तेव्हा खाडी म्हणजे आमच्यासाठी वास होता. संध्याकाळी वारा फिरला की आई खिडक्या लावायची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि दोन्ही तीरांवरच्या शहरांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिथे उतरत आलं आहे. तिच्यात उतरावं, तिच्याकडे बघायला जावं असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. मालवणला पाचशे किलोमीटर जाऊन मी समुद्रात तोंड घातलं, आणि घरापासून पंधरा मिनिटांवरच्या समुद्राच्या हाताकडे माझी तीस वर्षं पाठ होती. हे लिहिताना मला वाईट वाटतं.

आता तिथे वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरतीची वेळ साधून होडी निघते, ती रोहित पक्षी दाखवायला. हे पाणी २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर यादीत गेलं. होडीची वेळ रोज पुढे सरकते, कारण भरती रोज जवळपास पन्नास मिनिटांनी उशिरा येते. माझ्या शहरात लोकलची वेळ सगळ्यांना पाठ असते. चंद्राच्या वेळापत्रकावर चालणारी ही एक होडी आहे याचं मला अजून नवल वाटतं. डिसेंबरात रोहित थोडेच असतात, खरी गर्दी पुढे होते. आम्हाला लांबवर एक गुलाबी रेघ दिसली, बस्स. माना उलट्या घालून, चोचीने चिखल गाळत होते. भाचीला मी त्यांच्यासाठी नेलंच नव्हतं.

मी तिला नेलं चिखल दाखवायला. ओहोटीची वेळ गाठून, जेट्टीच्या कडेला. इथे स्नॉर्कल उपयोगाचं नाही, पाण्यात हात घातला तर मनगट दिसत नाही. म्हणून बसून राहायचं. आधी चिखलात हजारो बोटं वर आलेली दिसतात, पेन्सिलीएवढी, सरळ. ती तिवराची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळं उलटी वर पाठवतो. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात. भरती आली की मुळं बुडतात, आतली हवा संपत जाते. ओहोटीला टोकं पुन्हा उघडी पडली की हवा आत ओढली जाते. दिवसातून दोनदा श्वास रोखायचा, दोनदा घ्यायचा. भाचीने बघितलं आणि इंग्रजीत ओरडली, स्नॉर्कल! मीही मालवणहून येताना गाडीत तोच विचार करत होते.

मग चिखल हलला. निवटा. बोटभर लांब, चिखलाच्याच रंगाचा, डोळे डोक्याच्या माथ्यावर बेडकासारखे. पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा रेलतो आणि टुणकन पुढे येतो. हा मासा आहे हे भाचीला खरं वाटेना. आमच्या इथल्या आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण म्हणजे पाहुणचार. जेट्टीवर जाळं विणत बसलेली आजी म्हणाली की तिच्या लहानपणी चिखलात पाय ठेवायला जागा नसायची इतके निवटे, आता शोधायला लागतात. तिने हाताच्या बोटांनी निवटा कसा उडी मारतो ते भाचीला करून दाखवलं.

निवटा पाणी घेऊन जमिनीवर येतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाण्याचा घोट भरून ठेवतो, अंग ओलं ठेवतो, आणि त्या ओल्या कातडीतून, ओल्या तोंडातून हवा घेतो. सुकायला लागला की डबक्यात एक लोळण, डोळे आत ओढून एकदा भिजवणं, आणि पुन्हा वर. मी हवेची नळी घेऊन पाण्यात गेले होते, हा पाण्याचा घोट घेऊन हवेत आला आहे. काही जातींच्या निवट्यांचं तर असं आहे की चिखलातल्या बिळात अंडी असतात, तिथे हवा पोचत नाही, म्हणून बाप तोंडात हवा भरून घेतो, बिळात उतरतो, हवा सोडतो, परत वर येतो, परत भरतो. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तोंडात श्वास धरून अंधारात उतरणारा तो बोटभर जीव डोळ्यांपुढून जाईना. आणि माझ्या आईने त्याच खाडीकडच्या खिडक्या लावल्या होत्या, मला दम्याचा त्रास म्हणून, मला नीट श्वास घेता यावा म्हणून.

भाची जेट्टीच्या फळ्यांवर पालथी पडली. हनुवटी कडेला, हात अंगालगत, पाय सरळ, मालवणला पाण्यावर पडली होती अगदी तशी. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ती तोंडाने श्वास घेत होती.

पाणी चढायला लागलं होतं. आधी चिखलातल्या चिरा भरल्या, मग डबकी एकमेकांना मिळाली. तिवराची मुळं एकेक करून बुडायला लागली. निवटा दोन उड्या मागे सरकला, थांबला, पुन्हा सरकला. पाणी त्याच्या शेपटीला लागलं तसा तो तिवराच्या खोडावर चढला, वीतभर वर जाऊन चिकटून बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. आजीने जाळं गुंडाळलं. शेवटचं मूळ बुडालं त्या जागी एक बुडबुडा आला.

“आत्या,” भाची न उठता म्हणाली, “परत कधी वर येतील?”

मी भरतीचं कोष्टक काढलं. रात्री, साडेदहाच्या पुढे.

“मग थांबू या,” ती म्हणाली.